थेंब टाकायला गेले होते

चिखली, गुरुवार

थेंब डोळ्यात पडला आणि पापणी हललीसुद्धा नाही.

मी दुसरा टाकला. तो गालावरून ओघळून कानाकडे गेला. एरवी थेंब पडायच्या आधीच हा माणूस तोंड वाकडं करून म्हणायचा, "हळू टाक, म्हैस न्हाई मी गोठ्यातली." आज काही नाही. मी हाक मारली, खांदा हलवला. मान एका बाजूला पडली. उशाशी मोबाइलचा अलार्म वाजत होता. थेंब टाकून झाले की तो त्यांनी चाचपून बंद करायचा, कारण मला करता येत नाही. तो वाजतच राहिला.

माझं स्वतःचं डोकंही ठणकत होतं आणि पोटात ढवळत होतं. वाटलं, झोपेतून घाईनं उठले म्हणून असेल. खोलीत धूर नव्हता. खाटेखाली शेगडीतले निखारे लालभडक होते, छान ऊब होती. शेजारी मांजर पाय ताणून झोपलं होतं. दार उघडून कुणाला तरी बोलवावं म्हणून वळले, तर गुडघे माझे राहिले नव्हते. दारापर्यंत रांगत गेले. कडी हाताला लागली, पण हातात जोर कुठला. थेंबांची बाटली मुठीत तशीच होती. ती सांडू नये एवढंच डोक्यात होतं, बाकी सगळं विझत चाललं होतं.

आता मी गावी बसून हे लिहिते आहे. आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, पिंपरी-चिंचवड कसं आहे, चाकण कसं आहे, तिकडे काय झालं. रोज नवीन माणसाला तेच सांगून मी थकले. म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं आणि बाकीच्यांना सांगावं.

निघताना

माझं नाव गोदावरी. शिक्षण चौथी. आमचं गाव लातूरच्या पुढे. हे गाव माझं माहेर आहे, सासर नाही. भांडणाचं मूळ तेच आहे.

नवऱ्याचं नाव महादेव. लग्नानंतर आम्ही थेरगावात खोली घेऊन राहायचो. ते भोसरीच्या एका कंपनीत होते. मग माझी आई पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मला भाऊ नाही. मी म्हटलं, मी आईकडे जाते, तुम्हीही चला, घर आहे, जमीन आहे. ते म्हणाले, "सासुरवाडीत राहून भाकरी मोडायला मी काय घरजावई हाय?" मी निघाले तेव्हा एसटी स्टँडवर चार माणसांत म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नको." मुलीला घेऊन मी गेले. परत आले नाही. आई तीन-चार वर्षं अंथरुणावर होती, मग वारली. त्यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. मध्ये मुलीचं लग्न झालं तेव्हा मांडवात शेजारी शेजारी उभे राहिलो, फोटो काढला आणि आपापल्या गाडीत बसलो. वीस-बावीस वर्षं अशी गेली. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती. लोकांना काहीतरी मोठं कारण ऐकायचं असतं. एवढंच होतं.

आता मुलगी सुनंदा थेरगावात राहते. तिचा फोन आला. बापाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. नंतर दिवसातून कितीतरी वेळा थेंब टाकायचे. तिला कंपनीतून रजा नाही आणि घरात सासू अंथरुणाला खिळलेली.

"आई, फक्त थेंब टाकायचेत गं. बोलायला नाही सांगत मी."

"माझ्या ज्वारीला पाणी कोण देईल?"

"ज्वारी मरणार नाही आठ दिवसांत."

मी पिशवी भरली. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, दोन लुगडी.

थेरगाव

खाजगी बसवाल्यानं पहाटे पुलाखाली हमरस्त्यावरच उतरवून दिलं. म्हणाला, "मावशी, समोर गेलं की थेरगाव." समोर जायला रस्ता ओलांडायचा होता आणि ट्रक थांबत नव्हते. शेवटी चहाच्या टपरीवरच्या एका बाईनं माझा हात धरला आणि दुसरा हात ट्रकपुढे असा काही केला की ट्रक थांबला. ती म्हणाली, "घाबरायचं नाही. आपण थांबलो की हे थांबत नाहीत."

मी राहत होते तेव्हा आमच्या खोलीमागे ज्वारीचं शेत होतं. आता डांगे चौकात उभं राहिलं की आभाळ बघायला मान मोडते. सुनंदाच्या घरी सकाळी पोहे होते, वर बारीक शेव. ती पोहे खात खात डबा भरत होती, सासूचे केस विंचरत होती, फोनवर शिफ्टचं बोलत होती. आमच्याकडे सुगीत सुद्धा बायका एवढ्या धावत नाहीत. मी म्हटलं, "बस जरा." ती म्हणाली, "रविवारी बसते." तिचं ऐकून मलाच थकवा आला.

चाकण

त्यांची माझी या खेपेची पहिली भेट चाकणला झाली, एका कंपनीच्या गेटवर. भोसरीची कंपनी बंद पडल्यापासून ते वॉचमनचं काम करत होते, रात्रपाळी. डोळ्यांमुळे ते काम आता सुटलं होतं. त्या दिवशी गणवेश जमा करायचा होता. सुनंदानं मला रिक्षात घालून तिथंच पाठवलं. घरी जायला चुकू नये म्हणून, असं तिनं सांगितलं. मला वाटतं, पहिली भेट चार लोकांत व्हावी म्हणून.

चाकणचा रस्ता म्हणजे नुसती वाहनं. एकेका लांबलचक ट्रेलरवर दोन मजली नव्या कोऱ्या गाड्या बांधलेल्या. बांधलेल्या गाड्यांनी रस्ता अडवलेला आणि माणसं जुन्या रिक्षांत खोळंबलेली. धूळ एवढी की तोंडात कचकच.

गेटजवळ बाकावर एक म्हातारा बसला होता. मांडीवर घडी केलेला खाकी शर्ट, पट्टा, शिट्टी. मी समोर उभी राहिले तरी ओळखलं नाही. मला आधी राग आला, मग आठवलं की दिसत नाही.

"मी हाय. गोदावरी."

ते उठून उभे राहिले. शर्ट खाली पडला.

"कशाला आलीस?"

"थेंब टाकायला."

"जेवलीस का?"

"न्हाई."

दुसरा एक वॉचमन, ओडिशाचा, हसून मला म्हणाला, "भाभीजी, हमारे काका ने परसों खंभे को सलाम मारा. साहब समझ के."

"खांबानं परत केला का सलाम?" मी विचारलं.

"साहेब तरी कवा करतोय," हे म्हणाले. तिघंही हसलो. मग गेटबाहेर वडापाव खाल्ला. चटणी गोड होती. त्यांनी आपल्यातली तळलेली मिरची माझ्या कागदावर ठेवली. मला मिरची लागते हे त्यांच्या लक्षात होतं. मी ती खाल्ली.

चिखली

आमच्याकडचं घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कौलं. कौलांतून ऊन येतं, वारा येतो, पावसाळ्यात पाणीही येतं. चिखलीतली त्यांची खोली म्हणजे सिमेंटचा डबा. लहान लहान वर्कशॉपांच्या मागे खोल्यांची रांग. भिंतीपलीकडे दिवसभर प्रेस मशीन पत्रा ठोकतं. धाड, धाड. तांब्यातलं पाणी हलतं.

रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायचं असतं. म्हणून त्यांनी खिडकी थर्मोकोल आणि फोम कोंबून चिकटपट्टीनं बंद केली होती. दाराच्या चारी कडांना ट्रकच्या ट्यूबची रबरी पट्टी ठोकली होती. दार ओढलं की डब्याचं झाकण लागावं तसा आवाज व्हायचा आणि मशीन एकदम लांब जायचं.

"सवताच्या हातानं केलंय," ते म्हणाले. "दिवसा रात्र होते."

"थडगं वाटायलंय," मी म्हटलं.

"झोप तरी लागती."

खोलीत एक तांबडं मांजर होतं. त्याचं नाव शेठ. हे रात्री कामावर जात आणि ते यांच्या खाटेवर झोपे, म्हणून शेठ. हे माझ्याशी चार शब्द बोलत आणि मांजराशी चाळीस. "शेठ, पाव्हणी आलीय बरं. पायात येऊ नका." मला ते मांजर आवडलं नाही. दुधाला तोंड लावायचं. पण अनेक वर्षं या खोलीत यांच्याजवळ तेच होतं हेही खरं.

शेजारी शमीम आणि तिचा नवरा युसूफभाई. त्यांचं गॅरेज पुढंच आहे. शमीम बीडकडची, आमच्यासारखंच बोलते. पहिल्याच संध्याकाळी वाटीभर खिमा घेऊन आली आणि दारातून म्हणाली, "मावशी, चाचा कधी बोलले न्हाईत की बायको हाय म्हणून. आम्हाला वाटायचं, बिचारे एकटे."

"एकटेच हायेत," मी म्हटलं.

"मग तुमी कोण?"

"थेंबवाली."

ती इतकी हसली की युसूफभाई बाहेर आले.

ऑपरेशन झालं. एका दिवसात घरी सोडलं. काळा चष्मा दिला. नर्सनं बजावलं की धूर, धूळ लागू द्यायची नाही, वाकायचं नाही, जोरात शिंकायचं नाही. शिंक आली तर डोळ्यावर ताण येईल. सुनंदानं मोबाइलमध्ये अलार्म लावून दिले. अलार्म वाजला की मी बाटली घ्यायची, त्यांनी मान मागे करायची. दिवसभर तेच. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडाला हात लावला नव्हता, आता उठता बसता पापणी धरत होते. कुणी म्हणेल प्रेम परत आलं. मला तर पाठदुखी परत आली, खाटेवर वाकून वाकून.

अलार्म मोठा होता. शमीम म्हणायची, "मावशी, तुमचा भोंगा झाला की मला कळतं किती वाजले. पण मशीन चालू असली तर ऐकू येत न्हाई."

एका दुपारी मी त्यांना विचारलं. घोळवत ठेवायची मला सवय नाही. "काम सुटलं. डोळे असे. आता गावी चला."

"तुझ्या गावी."

"घर माझ्या नावावर हाय. मग काय म्हणू, तुमच्या गावी?"

"म्हातारपणी घरजावई. लोक काय म्हणतील?"

"लोकांना तुमचं नाव बी आठवत न्हाई."

ते भिंतीकडे तोंड करून पडले. शेठ त्यांच्या पोटावर जाऊन बसला. मी मनाशी ठरवलं, थेंब संपले की जायचं. पुन्हा विचारायचं नाही.

मग तो गुरुवार आला. चिखलीतल्या वर्कशॉपांना गुरुवारी सुट्टी असते आणि वीजही बऱ्याचदा बंद ठेवतात. अवेळी पाऊस लागला होता. भर दुपारी अंधारून आलं आणि गारठा असा की हाडं दुखली. मशीन बंद. पहिल्यांदाच एवढी शांतता. हे गोधडीत कुडकुडत होते आणि नाक ओढत होते. मला शिंकेची भीती. शिंक आली तर डोळा जाईल, आणि डोळा गेला तर आयुष्यभर म्हणतील की गोदावरी आली आणि डोळा गेला.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. माझं स्वतःचं बाळंतपण त्याच शेकावर झालं, मुलीचं पहिलंही. मी शमीमकडे शेगडी मागितली. युसूफभाईंनी ट्रकच्या ब्रेक-ड्रमची केलेली होती, जड. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. धूर डोळ्याला वाईट हे लक्षात होतं, म्हणून शेगडी बाहेर पत्र्याखाली पेटवली. धूर पार संपला, निखारे लाल झाले, तेव्हा आत आणून खाटेखाली सरकवली. गार वारा येऊ नये म्हणून दार लावलं. डब्याचं झाकण लागलं तसा आवाज झाला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बाळंतीण झाल्यावानी," ते म्हणाले. कुडकुडणं थांबलं होतं. शेठ खाली उतरून शेगडीजवळ लवंडला.

मी बाहेर जाऊन भांडी घासली, आले, दार पुन्हा ओढलं आणि दाराजवळ पथारीवर पडले. पुढचं वर लिहिलंच आहे.

दवाखाना

मला जाग आली ती पावसात. कुणीतरी अंगणात आणून टाकलं होतं, तोंडावर पाणी पडत होतं आणि मी ओकत होते. शमीम माझं डोकं धरून रडत होती. झालं होतं असं: अलार्म वाजला, थांबला, पुन्हा वाजला. इतर कुठल्या दिवशी मशीनच्या आवाजात कुणाला कळलं नसतं. गुरुवार होता म्हणून तिला ऐकू आलं. ती म्हणाली, "चाचा लगेच बंद करतात. इतका वेळ वाजू देत न्हाईत." तिनं दार वाजवलं, मग युसूफभाईंना हाक मारली. रबराच्या पट्टीनं दार गच्च बसलेलं. त्यांनी खांदा देऊन ढकललं. आधी मला ओढलं, मग यांना गोधडीसकट उचललं.

युसूफभाईंच्या टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेलं. यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मला दुसरा. कारकुनानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही. मी शमीमकडे बघितलं. तिला फक्त चाचा माहीत. मग मीच घेतलं. "महादेव."

"तुम्ही कोण?"

थेंबवाली म्हणण्याची ती वेळ नव्हती. "बायको," मी म्हटलं.

डॉक्टर बाई तरुण होती, पण आवाज मास्तरणीचा. "बंद खोलीत कोळसा कोणी पेटवला?"

"मी. पर धूर न्हवता, बाई. धूर संपवून आत आणली."

"धूर दिसतो, कोळशाचा विषारी वायू दिसत नाही. वासही येत नाही. तुमच्या घरी कौलांतून निघून जात असेल. इथं कुठून जाईल? खिडकी नव्हती का?"

"हाय की. यांनी बुजवलीय."

ती आमच्या दोघांकडे बघत राहिली. "म्हणजे दोघांनी मिळून केलंत."

खरं होतं. माझी शेगडी माझ्या घरात कधी कुणाला मारणारी नव्हती. त्यांची खिडकी त्यांच्या झोपेला कधी नडली नव्हती. दोन्ही एका खोलीत आल्या आणि आम्ही मरायला टेकलो.

संध्याकाळपर्यंत ते शुद्धीवर आले नाहीत. सुनंदा कामावरून तशीच आली, डोक्यावर कंपनीची टोपी. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी स्टुलावर बसले. अलार्म वाजला. मोबाइल शमीमनं आणून दिला होता. बाटली माझ्या कनवटीला होती. नर्सला विचारलं, टाकू का? ती म्हणाली, टाका. मी पापणी धरली आणि थेंब टाकला.

पापणी हलली. तोंड वाकडं झालं. मास्कच्या आतून काहीतरी बोलले. मी कान जवळ नेला.

"हळू," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले.

डोळ्याला काही झालेलं नव्हतं.

परत

सोडलं त्या दिवशी खोलीवर गेलो. शेठ नव्हता. युसूफभाईंनी गॅरेजमागे पुरला होता. शमीम शेगडी दिली म्हणून माझ्यासमोर उभी राहत नव्हती. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "दार तूच वाजवलंस. शेगडीचं नाव काढू नको."

हे काळा चष्मा लावून पायरीवर बसून होते. मग उठले, आत गेले आणि खिडकीतला फोम ओढून काढायला लागले. मी म्हटलं, वाकू नका, जोर लावू नका. ऐकलं नाही. मीही हात लावला. शेवटचा थर्मोकोल निघाला तेव्हा मशीनचा आवाज धाडकन आत आला, उजेड आला, धूळ आली.

"आता इथं झोप लागायची न्हाई," ते म्हणाले.

मी खाली पडलेला फोम झाडून गोळा करायला घेतला. पुन्हा विचारायचं नाही असं ठरलं होतं.

मग ते म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याला अजून वेळ हाय. तवर कुठं तरी ऱ्हावं लागंल."

"कुठं?"

"तुझ्या घराला कौलं हायेत म्हणतीस."

"हायेत. गळतात."

"गळू दे."

म्हणून आलो. एसटीतून उतरलो तेव्हा पारावरचा नामदेव ओरडला, "आरं, जावईबापू आले! दिवाळी तर कवाच झाली!" हे चष्म्याआडून म्हणाले, "ह्या नव्हं, त्या दिवाळीचा हाय मी. उशीर झाला." सगळे हसले. मला भीती होती की तिथूनच परत फिरतील. फिरले नाहीत. पिशवी उचलून माझ्या मागे चालत आले.

ज्वारी थोडी वाळली. आमचं अजून पटत नाही. ते दिवसा झोपतात आणि रात्री अंगणात फेऱ्या मारतात, जशी काही घरावर पहारा आहे. मी थेंब टाकते. दुसरा डोळा झाल्यावर ते राहतील की जातील हे मी विचारलेलं नाही. शेगडी गोठ्यात ठेवली आहे.

त्या गुरुवारी खोलीत आम्ही तिघं होतो. मांजर मेलं. महादेव आणि मी जगलो.